नंजनगूडचे उष्टावण

म्हैसूरहून दक्षिणेकडे सुमारे पंचवीस किलोमीटर गेले की कपिला नदीच्या काठी नंजनगूड हे गाव लागते. नकाशावर या नदीला कबिनी म्हणतात, परंतु गावातील लोक तिला कपिलाच म्हणतात. नदीवर १७३५ साली बांधलेला दगडी पूल आहे, आणि पुलापलीकडून श्रीकंठेश्वराच्या मंदिराचे उंच गोपुर दिसू लागते. कन्नडमध्ये नंजु म्हणजे विष. ज्याने विष प्राशन केले तो नंजुंडेश्वर, आणि त्याचे गाव ते नंजनगूड. हा देव वैद्य म्हणूनही प्रसिद्ध आहे. टिपू सुलतानाच्या हत्तीचे डोळे येथे नवस केल्यावर बरे झाले, म्हणून सुलतानाने त्याला हकीम नंजुंड असे नाव दिले व पाचूच्या रंगाचे लिंग अर्पण केले, असे तेथे सांगतात. पहिल्या घोटाची आणि औषधाची अशी दुहेरी ख्याती असलेल्या देवापुढे लोक आपल्या तान्ह्या मुलांना पहिला घास भरवावयास आणतात, यात काही नवल नाही.

मी तेथे गेलो तो मामा या नात्याने. माझी धाकटी चुलत बहीण म्हैसूरला दिली आहे, आणि तिच्या मुलीचे उष्टावण नंजनगूडला करावयाचे ठरले होते. मुलाचे उष्टावण सम महिन्यात, मुलीचे विषम महिन्यात, या रीतीप्रमाणे मुलीला सातवा महिना लागला होता. चांदीची वाटी आणि सोन्याची अंगठी मी बरोबर नेली होती. काकू रत्नागिरीहून आल्या होत्या आणि त्यांच्या पिशवीत घरी केलेल्या नाचणीच्या सत्त्वाचा डबा होता. इकडे विहीणबाईंनीही नाचणीचेच, म्हणजे त्यांच्या भाषेत रागीचे, पीठ करून ठेवले होते. त्याच्या लापशीला ते रागी सरि म्हणतात. धान्य एक, हेतू एक, आणि तरीही दोघीजणींचे मुळीच पटेना. आजचे हे भाषण त्या न पटण्यातून निघाले आहे.

काकूंचे सत्त्व आपल्या घरोघरी करतात तसे होते. नाचणी भिजवावयाची, वाटावयाची, फडक्यातून तिचे दूध गाळून घ्यावयाचे, ते स्थिर राहू द्यावयाचे, वरचे पाणी ओतून टाकून तळाशी बसलेला साका वाळवावयाचा. विहीणबाईंची रीत निराळी. त्या नाचणीला चांगले मोड आणतात, मग ती सावलीत वाळवून, चोळून, अगदी हलक्या आचेवर भाजून दळतात आणि पीठ वस्त्रगाळ करतात. "मोड आलेले धान्य इतक्या लहान पोटाला कसे पचेल?" हा काकूंचा प्रश्न. "धुऊन धुऊन सारे पाण्यात गेल्यावर उरते काय?" हा विहीणबाईंचा, बहिणीने मराठीत करून सांगितलेला. मी इतिहासाचा विद्यार्थी आणि पेशाने सरकारी नोकर. निवाडा देण्याचे धैर्य मला झाले नाही. परंतु घरी परतल्यावर मी या प्रश्नाचा मागोवा घेऊ लागलो, तेव्हा असे दिसले की वाद दोन विहिणींचा नसून फार जुना आणि फार दूरवर पसरलेला आहे.

पहिला वाद केव्हा हा. आश्वलायन गृह्यसूत्रात अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगितले आहे, आणि काय भरवावे याची निवड आईबापांच्या इच्छेवर सोपविली आहे. तेज हवे असेल तर तूपभात. आणि आजच्या अनेक घरांना धक्का बसेल, परंतु अन्नसमृद्धी हवी असेल तर बोकडाचे मांस आणि ब्रह्मवर्चस हवे असेल तर तित्तिराचे. सुश्रुतही सहावा महिना धरतो, व अन्न हलके आणि हितकर असावे अशी अट घालतो. बालरोगांवरील काश्यपसंहिता हा ग्रंथ तर अधिक बारकाईने विचार करतो. नेपाळात सापडलेल्या तिच्या पोथीवरून ती १९३८ साली छापली गेली. तिच्यात फलप्राशन आणि अन्नप्राशन असे दोन वेगळे विधी आहेत. सहाव्या महिन्यात फळ, आणि धान्य मात्र दात आल्यानंतर. नंजनगूडची रसबाळे केळी प्रसिद्ध आहेत. भौगोलिक ओळखीचे मानचिन्हही त्यांना मिळालेले आहे, जरी मर रोगाने त्या बागांची पुष्कळ हानी झाली असली तरी. देवळाबाहेर मुलांच्या ओठांना केळ्याचा गर लावणाऱ्या आजीबाई पाहिल्या तेव्हा मला काश्यपाचे फलप्राशन आठवले. त्या आजीबाईंनी काश्यपाचे नाव ऐकले असण्याची शक्यता नव्हती.

पाश्चात्त्य वैद्यकाने या बाबतीत जेवढे हेलकावे खाल्ले तेवढे आपल्या गृह्यसूत्रांनी खाल्ले नाहीत. एकोणिसाव्या शतकात दात येईपर्यंत, कधी वर्ष होईपर्यंत, अन्न नको असे म्हणणारे वैद्य होते. १९५० नंतर अमेरिकेत टोक उलटे झाले. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत धान्याची लापशी सुरू करा असे सांगणारेही निघाले, आणि तयार डब्यांच्या कारखानदारांना ते अर्थातच गोड वाटले. शेवटी २००१ साली जागतिक आरोग्य परिषदेने पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर दुधाबरोबर वरचे अन्न असा निर्वाळा दिला. म्हणजे पुष्कळ फिरून गाडी सुश्रुताच्या स्थानकावर आली. प्राचीनांना सारे ठाऊक होते अशी शेखी मिरविण्यासाठी हे मी सांगत नाही. त्याच प्राचीनांनी सांगितलेल्या अनेक गोष्टी आपण सोडल्या आणि बरे केले. परंतु लहान मुलांकडे पिढ्यान्पिढ्या डोळे उघडे ठेवून पाहिले असता काय कळते, त्याचा हा एक नमुना आहे.

आता दुसरा आणि खरा वाद, तो कसे भरवावे हा.

येथे मला काकूंविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांचा पहिला मुलगा अकराव्या महिन्यात गेला. त्याला कोणताही मोठा आजार झाला नव्हता. अंगावरचे दूध कमी पडू लागले म्हणून तांदळाची पेज सुरू केली. ती पातळच असली पाहिजे, घट्ट अन्न आतड्यांना चिकटते, असा घरात पक्का समज होता. मूल वाटीभर पेज पीत असे, पोट भरले म्हणून तोंड फिरवीत असे, आणि वाळत चालले होते. पुढे साध्या हगवणीने ते गेले. "पोटभर जेवत होता रे तो," एवढेच काकू त्याविषयी बोलतात. सत्त्वाचा डबा घेऊन त्या रत्नागिरीहून म्हैसूरपर्यंत का आल्या, हे मला तेथे कळले.

तो पोटभर जेवत होता हे खरे आहे, आणि त्यातच सारे दुर्दैव आहे. सात किलो वजनाच्या मुलाच्या जठरात एका वेळी फार तर दोनशे मिलिलिटर मावते. सहा ते आठ महिन्यांच्या मुलाला आईच्या दुधाखेरीज दिवसाकाठी सुमारे २०० उष्मांक वरच्या अन्नातून मिळावे लागतात. पिता येईल अशा पातळ पेजेच्या दोनशे मिलिलिटर वाटीत दहा ग्रॅम धान्य असले तर त्यातून पस्तीसेक उष्मांक मिळतात. म्हणजे जवळजवळ सहा वाट्या. एवढे पाणी त्या पोटात जाणार कसे? बरे, धान्य वाढवावे तर पिष्ट शिजताना फुगते, पाणी शोषून घेते, आणि लापशीची खळ होते. दात नसलेले मूल ती गिळू शकत नाही. घट्ट केले तर जात नाही, पातळ केले तर पुरत नाही. सहाव्या ते अठराव्या महिन्यापर्यंतच्या या चिंचोळ्या वाटेत जगातील किती मुले हरवली असतील याची गणती कोणी ठेवलेली नाही. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमध्ये दूध तुटलेल्या, मक्याच्या लापशीवर वाढणाऱ्या सुजलेल्या मुलांचा रोग १९३३ साली वर्णिला. १९३५ साली त्याला त्यांनी तेथल्याच गा भाषेतील क्वाशिओरकोर हे नाव दिले. धाकटे भावंड आल्यामुळे पदच्युत झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ. त्या मुलांत विशेषतः प्रथिनांची वाण आहे असे त्यांनी ओळखले, आणि पुढे दोन दशके जगाचे लक्ष प्रथिनांवर खिळून राहिले.

याच काळात म्हैसूरला एक मोठी संस्था उभी राहिली. म्हैसूरच्या राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा महालात २१ ऑक्टोबर १९५० रोजी केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन हे तिचे पहिले संचालक. शेंगदाण्याचे पीठ तीन भाग आणि हरभऱ्याचे एक भाग, त्यात जीवनसत्त्वे व क्षार, असे बहुउद्देशीय अन्न तिने तयार केले. म्हशीच्या दुधापासून बालकांची दूधभुकटी करण्याची रीतही तिने बसविली. तोपर्यंत ही भुकटी परदेशातून येई, आणि म्हशीच्या दुधाची ती होणारच नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त आणि त्याचे विरजण तान्ह्या पोटात घट्ट धरते, या अडचणी म्हैसूरच्या संशोधकांनी दूर केल्या, आणि आणंदच्या सहकारी दूधसंघाने १९६०च्या सुमारास ती भुकटी बाजारात आणली. देशाच्या स्वावलंबनाचा तो अभिमानास्पद प्रसंग होता यात संशय नाही. परंतु डब्याचे दूध, ते स्वदेशी असो वा परदेशी, आईच्या दुधाच्या जागी बसू लागले की काय होते हेही पुढे देशाने पाहिले. म्हणूनच १९९२ साली बालकांच्या दूधपर्यायांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा करावा लागला. शेंगदाण्याच्या पिठाला तर निराळेच ग्रहण लागले. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने हजारो टर्की पक्षी मेले, आणि त्या बुरशीचे विष उघडकीस आल्यावर लहान मुलांच्या अन्नात शेंगदाणा घालताना सर्वांचेच हात आखडले.

या संस्थेचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम मात्र फारसे गाजलेले नाही. तेथील मल्लेशी आणि देशिकाचार या दोन शास्त्रज्ञांनी १९८०च्या आसपास नाचणीच्या मोडांचा अभ्यास केला. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचे विकर उत्पन्न होते. त्याचे काम साठवलेले पिष्ट तोडून कोंबाला पुरविणे. अशा धान्याचे पीठ पाण्यात कालवून तापविले की हे विकर पिष्टाच्या लांब साखळ्या तोडू लागते, आणि खळ धरणारी लापशी पाहता पाहता सैल होते. परिणाम असा की त्याच दोनशे मिलिलिटर वाटीत दहाऐवजी चाळीस ग्रॅम पीठ घातले तरी मूल ते गिळू शकते. पस्तीसच्या जागी एकशेचाळीस उष्मांक, म्हणजे सहा वाट्यांचे काम दीड वाटीत. मोड आणलेली नाचणी आणि मोड आणलेले मूग यांचे मिश्रण त्यांनी बालकांसाठी सिद्ध केले. त्याला यंत्र लागत नाही, डबा लागत नाही; भिजविण्याचे भांडे, फडके, ऊन आणि जाते पुरते. अट एकच. भाजताना आच हलकी हवी, कारण खरपूस भाजले तर विकर मरते. विहीणबाईंचे ते हलक्या हाताचे भाजणे मला येथे उमगले.

पुढे बडोद्याला, सयाजीराव महाराजांच्या नावाने चाललेल्या विद्यापीठात, तारा गोपालदास यांनी हीच गोष्ट आणखी सोपी केली. सगळे धान्य मोडाचे हवेच असे नाही. घरात शिजलेल्या कोणत्याही घट्ट लापशीत मोडाच्या पिठाची चिमूट घालून ढवळली तरी ती पातळ होते. चिमूटभर पिठाने वाटीभर अन्न बदलते हे मी स्वयंपाकघरात स्वतः करून पाहिले आहे. घरातील मंडळींनी साहेब आता चुलीकडे वळले म्हणून थट्टा केली ती निराळी.

आणि तरीही हा शोध अगदी नवा नव्हता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८६५च्या सुमारास, स्वतःच्या नातवंडांना आईचे दूध मिळेना म्हणून, गव्हाचे पीठ, मोडाच्या जवाचे पीठ आणि गाईचे दूध यांचे पेय केले होते. त्यामागील तत्त्व हेच. दोन वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले याने दूध आणि पिठाचे बालान्न विकावयास काढले, आणि जगभरच्या डब्यांचा व्यवसाय तेथून फोफावला. लीबिगचे पेय पॅरिसमध्ये नवजात अर्भकांना देऊन पाहिले तेव्हा मात्र ती मुले दगावली. योग्य अन्न अयोग्य वयात दिले की काय होते याचा याहून क्रूर पुरावा नको. केव्हा आणि कसे हे दोन वाद वेगळे करता येत नाहीत ते यासाठी.

मग काकूंचे सत्त्व चुकीचे म्हणावे काय? मी तसे म्हणणार नाही. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळाच्या कितीतरी पट. त्याचा मोठा वाटा टरफलात असतो, आणि सत्त्व गाळताना टरफल फडक्यातच राहते. विहीणबाईंचा आक्षेप येवढ्यापुरता खराच. परंतु त्याच टरफलात लोहाचे शोषण अडविणारी तुरट द्रव्येही असतात आणि तान्ह्या पोटाला टोचणारा कोंडाही. आपल्या आज्यांनी गाळण्याची रीत घातली ती अगदीच अविचाराने नव्हे. शिवाय कोकणात आणि देशावर केवळ सत्त्वावर मूल ठेवीत नाहीत. भाजलेले तांदूळ आणि मुगाची डाळ यांचे खिमट, मऊ भातावर तुपाची धार, ही सारी धान्य आणि डाळीची जोडी जमविणारी अन्नेच आहेत. काकूंच्या घरी त्या वर्षी खिमट का झाले नाही, हा प्रश्न मी त्यांना विचारलेला नाही. डाळ महाग होती असेल, किंवा कोणी नको म्हटले असेल.

कपिला नंजनगूडहून पुढे वाहत जाऊन तिरुमकूडलु नरसीपूर येथे कावेरीला मिळते. हे संगमाचे गाव आम्हा सरकारी माणसांना दुसऱ्या कारणाने ठाऊक आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजनेचे जे ३३ प्रकल्प सुरू झाले, त्यांपैकी कर्नाटकातील प्रकल्प नरसीपूरला होता. या योजनेच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. तो शब्द मराठी आहे, आणि ताराबाई मोडक यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५नंतर अनुताई वाघ यांच्या साथीने केलेल्या कामातून तो रूढ झाला. आज कन्नड मुलखातील आजीही तो आपलाच समजून वापरते. शासनाच्या कोशात असे भाग्य फार थोड्या शब्दांच्या वाट्याला आले आहे.

शब्द पोहोचला तितक्या वेगाने अन्न पोहोचले नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा ते आठ महिन्यांच्या मुलांपैकी आईच्या दुधाबरोबर घट्ट वा अर्धघट्ट अन्न मिळणारी मुले ४५.९ टक्के आढळली; आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी सुमारे ११ टक्के. मी एकदा एका जिल्ह्यात, नाव सांगत नाही, पोषण आहाराची पाकिटे गुरांच्या दावणीत रिकामी होताना पाहिली आहेत. त्या घरच्या बाईला दोष देण्याचा मला धीर झाला नाही. पाकिटातले पीठ कसे शिजवावे, किती घट्ट ठेवावे, हे तिला कोणी एकदाही करून दाखविले नव्हते. पाकिटावर मजकूर भरपूर होता.

उरला हाताने खाण्याचा प्रश्न. त्याविषयी थोडेच सांगतो, कारण आपल्याकडे तो प्रश्न म्हणून कोणी पाहिलाच नाही. आठव्या-नवव्या महिन्यात मुलाला अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट साधते, आणि मग भाकरीचा पापुद्रा, मऊ शिजलेल्या भोपळ्याची फोड, केळ्याचा तुकडा त्याच्या हाती द्यावयाचा, ही आपली रीतच आहे. शेंगदाणे आणि फुटाणे मात्र कटाक्षाने दूर ठेवावेत, ते श्वासनलिकेत अडकतात. अमेरिकेत क्लारा डेव्हिस या डॉक्टरबाईंनी १९२८ साली आपल्या प्रयोगांचा पहिला वृत्तान्त प्रसिद्ध केला. नुकतेच दूध सुटलेल्या मुलांपुढे साध्या, न मिसळलेल्या पदार्थांच्या वाट्या मांडावयाच्या आणि मूल ज्या वाटीकडे हात करील तेच द्यावयाचे. मुले उत्तम वाढली. परंतु त्यांनीच पुढे बजावले की मुलांची निवड बरोबर ठरली, कारण मांडलेल्यात वाईट काही नव्हतेच. साखर नव्हती, मैद्याचे पदार्थ नव्हते. हे सांगणे पहिल्या वाक्याइतके कोणी लक्षात ठेवले नाही.

नंजनगूडला त्या दिवशी काय झाले ते सांगून पुरे करतो. मुलीला मांडीवर घेऊन मी अंगठीने खीर तिच्या ओठांना लावली. तिने तोंड वाकडे केले, आणि मंडळींना हसू आले. मग विहीणबाईंनी आपल्या पिठाची लापशी वाटीत काढली. काकूंनी चमचा हातात घेतला, उचलून तिरपा केला, आणि लापशी कशी ओघळते ते बराच वेळ पाहत राहिल्या. घट्ट होती, आणि तरी ओघळत होती. त्यांनी मुलीला दोन चमचे भरविले. तिने गिळले. परतीच्या गाडीत काकूंच्या पिशवीतला सत्त्वाचा डबा नव्हता, तो बहिणीकडे राहिला होता. त्याच्या जागी वर्तमानपत्रात बांधलेली मोडाच्या रागीची पुडी होती. रत्नागिरीला त्यांच्या धाकट्या सुनेला पाचवा महिना होता.